चलनाच्या रजिस्टरला खिडकी: डेस्कटॉप प्रोग्रॅमचा फॉर्म कमीत कमी कोडमध्ये

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मामांचं मशीन शॉप आहे, जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम. फौंड्रीकडून कास्टिंग (ओतीव नग) येतं, बोअरिंग-फेसिंग (भोक आणि तोंड कापून मापात आणणं) होऊन परत जातं. यानं पायथॉनमध्ये सव्वाशे ओळींची स्क्रिप्ट लिहिलीय. आवक आणि जावक चलनांच्या (मालासोबत येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांच्या) दोन सीएसव्ही फाइली, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइली, वाचून ती कुठल्या पार्टीचे किती नग शिल्लक आहेत ते सांगते. हिशेब बरोबर येतो, पण ती कमांड लाइनची काळी खिडकी उघडली की ऑफिसातल्या काकू हात मागे घेतात. 'सर, मला प्रोग्रॅमर व्हायचं नाही. चार रकाने आणि दोन बटणं हवीत. कोण इलेक्ट्रॉन म्हणतंय, कोण क्यूटी, कोण म्हणतंय एआयकडून लिहून घे. कमीत कमी कोडमध्ये कसं करू?'

उत्तर:

तुमच्याकडे एक गोष्ट आयती जमून आलीय आणि तुम्ही तिलाच अडचण समजताय. हिशेब करणारा कोड एकीकडे आहे आणि त्याला खिडकी नाही. मी उलट्या बाजूनं शिकलो, त्याची किंमत मोजली, म्हणून आधी ते सांगतो.

२००० साली राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी व्हिज्युअल बेसिक ६ शिकलो. फॉर्मवर बटण ओढायचं, त्यावर दोनदा क्लिक करायचं, उघडलेल्या जागेत कोड लिहायचा. सीमध्ये विंडोजची नुसती रिकामी खिडकी उघडायलाच साठ-सत्तर ओळी लागायच्या, त्यामुळे हे बघून आम्ही वेडे झालो होतो. लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानाचं बिलिंग मी त्यात बसवलं आणि ते सतरा वर्षं चाललं. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. कर मोजायचा कोड बदलायचा होता आणि तो एका जागी नव्हताच. 'सेव्ह' बटणाच्या मागे होता, 'प्रिंट'च्या मागे होता, परत आलेल्या मालाच्या फॉर्मात होता, महिन्याच्या रिपोर्टात होता. मोजले तर अकरा जागी. त्यातल्या दहा मी बदलल्या. अकरावी सप्टेंबरात दुकानदारानंच शोधून दिली, सीएकडून परत आलेला कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवून.

त्या प्रोग्रॅममध्ये कोड कमीच होता, त्याबद्दल तक्रार नाही. तेव्हापासून मी मोजायची रीत बदलली. एकूण ओळी किती ते मी बघत नाही. उद्या काकू म्हणाल्या, 'रिजेक्शनचे (नापास नगांचे) दोन रकाने करा', तर किती जागा उघडाव्या लागतील, ते मोजतो. उत्तर 'एक', फार तर 'दोन' आलं पाहिजे. एआयकडून चारशे ओळी लिहून घ्यायला हरकत काहीच नाही, पण त्या चारशे ओळी तुमच्याच आहेत. बिघडल्या की रात्री नऊ वाजता तुम्हालाच वाचायच्या आहेत.

म्हणून पहिलं काम: त्या सव्वाशे ओळींतून छापणारी सगळी वाक्यं काढा आणि हिशेब एका फंक्शनमध्ये बसवा. आत दोन फाइलींचे पत्ते जातात, बाहेर यादी येते. बस्स. त्या फंक्शनला खिडकी असते हेच माहीत नसावं. पुढं मी सांगतो ते टूल तुम्हाला आवडलं नाही तरी हे केलेलं वाया जाणार नाही.

आता दुसरा प्रश्न, जो कोणी विचारत नाही: खिडकी खरंच लागते का? तुमच्या स्क्रिप्टनं उत्तराची सीएसव्ही तयार केली, तर ती दाखवायला विंडोजमध्ये बसल्या जागी सोय आहे. पॉवरशेलमध्ये (विंडोजबरोबरच येणारी आज्ञा लिहायची खिडकी) 'इम्पोर्ट-सीएसव्ही' आणि त्याच्यापुढे 'आउट-ग्रिडव्ह्यू' अशी एक ओळ लिहायची. तक्ता उघडतो, मथळ्यावर क्लिक केलं की क्रम लागतो, वर शोधायची पट्टी असते, गाळणी लावता येते. खबरदारी दोनच: मराठी नावं असतील तर एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ सांगायचं, आणि शेवटी 'वेट' जोडायचं, नाहीतर शॉर्टकटवरून तक्ता उघडून लगेच मिटतो. ती ओळ एका शॉर्टकटमध्ये टाकून डेस्कटॉपवर ठेवली की काकूंना दोनदा क्लिक एवढंच काम. मामांना फक्त शिल्लक बघायची असेल तर इथंच थांबा. मी गोकुळ शिरगावच्या एका शॉपला हेच करून दिलं होतं. त्यांनी पुढं काही मागितलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

याच्या पुढची पायरीही फार उंच नाही. पायथॉनबरोबर टीकेइंटर ही खिडक्या बनवायची लायब्ररी आयती येते. त्यातली फाइल निवडायची चौकट आणि निरोप दाखवायची चौकट, या दोन्ही एकेका ओळीत उघडतात. 'आवक फाइल निवडा', 'जावक फाइल निवडा', मग 'झालं, रिपोर्ट इथं ठेवलाय'. सहा-सात ओळी होतील. किंवा गूई नावाची लायब्ररी घ्या. तुमची स्क्रिप्ट कमांड लाइनवर माहिती घेत असेल तर मुख्य फंक्शनच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की ती स्वतःच फॉर्म बनवून देते. दिसायला सरकारी अर्जासारखा दिसतो, पण चालतो.

पण तुम्हाला नोंद करायचीय असं दिसतंय. चलन आलं की काकू एक्सेलमध्ये लिहितात, आणि तिथंच पार्टीचं नाव तीन तऱ्हेनं पडतं. तिथं फॉर्म लागतो, आणि खरी करामत तिथंच आहे.

बहुतेक धड्यांमध्ये शिकवतात ते असं: एक लेबल बनवा, ते बसवा, एक चौकट बनवा, ती बसवा, पुन्हा लेबल, पुन्हा चौकट. सात रकाने म्हणजे तीसेक ओळी. मग सेव्ह करताना सातही चौकटींतून मजकूर काढा, सात वेळा तपासा, सात नावं डेटाबेसच्या ओळीत लिहा, तक्त्याला सात मथळे द्या. रकाना एक आणि त्याचं नाव पाच जागी. म्हणजे माझं अकरा बटणांचंच दुखणं, फक्त नव्या कपड्यात.

त्याऐवजी फॉर्मचं वर्णन एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहा. माझ्याकडे ती अशी असते:

चलन नंबर | मजकूर | हवंच
तारीख | तारीख | हवंच
पार्टी | यादी | हवंच
पार्ट | यादी | हवंच
नग | पूर्णांक | हवंच
वजन | दशांश | चालेल
शेरा | मजकूर | चालेल

आता प्रोग्रॅममध्ये एकच लूप. फाइलीतली एक ओळ उचल, डावीकडे लेबल लाव, उजवीकडे चौकट लाव, आणि ती चौकट रकान्याच्या नावानं एका डिक्शनरीत (नावावरून वस्तू काढून देणाऱ्या यादीत) ठेव. प्रकार 'यादी' असेल तर साध्या चौकटीऐवजी कॉम्बोबॉक्स, म्हणजे यादीतून निवडायची चौकट. झाला फॉर्म. तपासणीसाठी चार प्रकारांची चार छोटी फंक्शन्स: पूर्णांक, दशांश, तारीख, मजकूर. सेव्ह दाबलं की पुन्हा तीच यादी फिरवायची, प्रत्येक चौकटीतला मजकूर त्याच्या प्रकाराच्या फंक्शनला द्यायचा. जिथं अडलं तिथं चौकट लाल करायची आणि कर्सर तिथं न्यायचा. डेटाबेसचं टेबल तयार करणारी ओळही याच यादीतून जुळवायची. खालच्या तक्त्याचे मथळे याच यादीतून. एक्सेलला पाठवायच्या फाइलीची पहिली ओळ याच यादीतून.

माझा हा सगळा प्रकार रिकाम्या ओळी धरून नव्वद ओळींत बसतो, आणि त्यात 'पार्टी' किंवा 'नग' हे शब्द एकदाही येत नाहीत. म्हणून तोच कोड मी हुपरीतल्या चांदीच्या कारागिराच्या नोंदीला लावला आणि एका दूध संस्थेच्या पशुखाद्य वाटपालाही लावला. बदलली ती फक्त वर्णनाची फाइल.

आता काकूंच्या त्या रिजेक्शनकडे येऊ, कारण ते येणारच आहे. तुमच्या धंद्यात नग परत जाताना तीन तऱ्हेनं जातो. एक ओके. दुसरा, मशीनवर चढवल्यावर आत ब्लो होल (ओतताना राहिलेली हवेची पोकळी) निघाला, म्हणजे कास्टिंग रिजेक्शन, ते फौंड्रीच्या अंगावर. तिसरा, आपल्याच माणसाच्या हातून बोअर मोठा झाला, म्हणजे मशीनिंग रिजेक्शन, ते आपल्या अंगावर, आणि पार्टी त्याचे पैसे कापून घेते. हे दोन आकडे एका रकान्यात पडले की महिनाअखेरीला भांडण ठरलेलं. जावकच्या वर्णनात 'रिजेक्शन' ही ओळ खोडून 'सीआर' आणि 'एमआर' अशा दोन ओळी लिहायच्या. प्रोग्रॅम उघडताना टेबलात नसलेला रकाना दिसला की तो जोडून घ्यायचा, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसला ते एका वाक्यात जमतं. शिल्लक मोजणाऱ्या फंक्शनमध्ये वजाबाकीची एक ओळ बदलेल. म्हणजे वर्णनाच्या फाइलीतल्या दोन ओळी आणि हिशेबातली एक, आणि खिडकीच्या कोडला हात नाही.

ही काही माझी अक्कल नाही. टीकेइंटरच्या पोटात जे टीके आहे ते जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कलीत १९९० च्या आसपास केलं. खिडकी छोट्या स्क्रिप्टमधून शब्दांत सांगता यावी, त्यासाठी सीचा डोंगर उपसावा लागू नये, हाच त्यामागचा विचार होता. त्याहून टोकाला गेले ते कार्ल सॅसेनराथ. अमिगा संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहिणारे हेच गृहस्थ. १९९७ मध्ये त्यांनी रेबॉल भाषा काढली. पुढं तिच्यात अशी सोय आली की 'व्ह्यू लेआउट' असं लिहायचं आणि चौकटी कंसात 'मजकूर अमुक, बटण तमुक' असं ओळीनं सांगायचं, की खिडकी हजर. एका ओळीत चालता फॉर्म. २०११ पासून तिचीच वारसदार रेड भाषा तयार होतेय, तिचा तयार प्रोग्रॅमही एखाद्या एमबीच्या आसपास बसतो. एखाद्या रविवारी गंमत म्हणून जरूर करून बघा, डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. पण मामांच्या शॉपवर मी ती लावणार नाही. उद्या तुम्ही पुण्याला नोकरीला गेलात तर ती जाणणारा माणूस कोल्हापुरात शोधून सापडायचा नाही. पायथॉनवाला सापडेल.

वर्णनाच्या फाइलीचा एक धोका मात्र आहे आणि मी त्यात पडलोय. ती इतकी छान चालते की सगळंच तिच्यात घालावंसं वाटतं. 'पार्टी अमुक असेल तर वजन हवंच', 'नग शंभराच्या वर असतील तर विचार', असं करत करत मी तिच्यात अटी घातल्या, मग कंस घातले, मग 'आणि' आणि 'किंवा'. सहा महिन्यांनी माझ्याकडे एक स्वतंत्र भाषा तयार झाली होती, जिच्यातली चूक कुठल्या ओळीत आहे हेसुद्धा ती सांगत नव्हती. सगळं परत पायथॉनमध्ये आणलं. नेम असा ठेवा: वर्णनात नाव, प्रकार आणि सक्ती एवढंच. 'जर-तर' आलं की ते साध्या फंक्शनमध्ये.

कोड कमी केल्यानं जो वेळ वाचतो तो कुठं घालायचा? काकूंच्या बोटांमागे. हे मी गमतीनं म्हणत नाही. काकूंनी पंधरा वर्षं टॅली चालवलीय. टॅलीत एंटर दाबलं की पुढचा रकाना येतो. टीकेइंटरमध्ये एंटरनं काहीच होत नाही, टॅब दाबावा लागतो. त्या आकडे डाव्या हातात चलन धरून उजव्या हातानं नंबरपॅडवर टाकतात, टॅब कीबोर्डच्या दुसऱ्या टोकाला. दिवसाला चाळीस चलनं, प्रत्येकी सात रकाने, म्हणजे दोनशे ऐंशी वेळा हात पलीकडे. दुसऱ्या दिवशी त्या परत एक्सेलवर जाणार आणि तुम्हाला वाटणार की रंग आवडला नाही. लूपमध्येच प्रत्येक चौकटीला एंटर बांधून 'पुढच्या चौकटीवर फोकस' सांगा. एक ओळ, सगळ्या रकान्यांना लागते. नंबरपॅडचा एंटर टीकेला वेगळी कळ वाटू शकते, म्हणून तीही बांधा, नाहीतर नेमका तोच चालायचा नाही. आणि सेव्हचं बटण: टीकेमध्ये बटण स्पेसबारनं दाबलं जातं, एंटरनं नाही. काकू शेवटी एंटर मारणार, बटण ढिम्म. त्यालाही एक ओळ.

तारखेचंही तेच. कॅलेंडर उघडणारी चौकट दिसायला सुंदर, पण माऊस धरावा लागतो. बहुतेक चलनं त्याच दिवसाची असतात, तेव्हा आजची तारीख आधीच भरलेली हवी. नुसतं '५' टाकलं तर चालू महिन्याची पाच तारीख समजा. साठवताना मात्र वर्ष-महिना-दिवस अशाच क्रमानं साठवा, म्हणजे क्रम लावताना डोकेदुखी नाही.

कॉम्बोबॉक्समध्ये टाइप केलं की यादी आपोआप गाळली जाईल अशी अपेक्षा असते, टीकेइंटरमध्ये ती पुरी होत नाही. प्रत्येक कळीनंतर यादी पुन्हा भरणाऱ्या चार-पाच ओळी लिहाव्या लागतात. त्या लिहाच, कारण पार्टीचं नाव तीन तऱ्हेनं पडणं यानंच थांबतं. यादीत नसलेलं नाव सेव्ह करू देऊ नका. नवी पार्टी जोडायचं बटण वेगळं ठेवा.

मराठीपुरतं थोडं. विंडोजवर टीकेइंटरमध्ये देवनागरी नीट दिसते. फॉन्ट 'निर्मला यूआय' सांगून टाका, विंडोज ८ पासून तो असतोच. लिनक्सवर मात्र टीके जोडाक्षरं जुळवत नाही, 'क्ष'चे तुकडे होतात. तिथं करायचं असेल तर क्यूटी घ्या. एक सुखद गोष्ट अशी की काकू मराठी कीबोर्डवर असताना चुकून '२५' देवनागरीत टाकलं तरी पायथॉनचं पूर्णांक फंक्शन ते बरोबर पंचवीसच समजतं, तुम्हाला काही करावं लागत नाही. आकडा दाखवताना मात्र पायथॉनचा स्वल्पविराम दर तीन आकड्यांनी पडतो, १,००,००० चं १००,००० होतं. मामांच्या ते लगेच डोळ्यात खुपतं. लाखाप्रमाणे स्वल्पविराम देणारं पाच ओळींचं फंक्शन स्वतः लिहा. आणि एक्सेलला द्यायची सीएसव्ही 'यूटीएफ-८-सिग' या एन्कोडिंगनं लिहा, साध्या यूटीएफ-८ नं लिहिली तर एक्सेल 'पाटील'चं काय करतं ते बघवत नाही. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधली पार्टीची यादी कोणी पेनड्राइव्हवर आणून दिली तर ती आधी बदलून घ्या, नाहीतर शोध कधीच लागणार नाही.

खिडकी धूसर दिसली तर घाबरू नका. नव्या लॅपटॉपवर स्क्रीन दीडपट मोठी करून ठेवलेली असते आणि विंडोज जुन्या पद्धतीच्या खिडकीला ओढून ताणतो. पायथॉनच्या सीटाइप्स या लायब्ररीतून 'डीपीआय अवेअरनेस' (स्क्रीन किती मोठी केलीय ते मी बघतो, असं विंडोजला सांगणं) सांगणारी एक ओळ, खिडकी बनवायच्या आधी. अक्षरं स्वच्छ होतात. आणि 'पॅक' आणि 'ग्रिड' ही मांडणीची दोन तंत्रं एकाच चौकटीत मिसळू नका, तिथं टीके सरळ नकार देतं. ग्रिडच घ्या, फॉर्म म्हणजे तसाही तक्ताच.

आता तुम्ही घेतलेली नावं. इलेक्ट्रॉन आपल्याबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर आणतो. सात रकान्यांसाठी शंभर एमबीच्या वर सामान, म्हणजे गंगावेशीतून दूध आणायला ट्रक काढल्यासारखं. शिवाय तुम्हाला एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट शिकावं लागेल. क्यूटी उत्तम आहे. त्याचा डिझायनर घेऊन फॉर्म ओढून-ताणून काढता येतो, तो वेगळ्या फाइलीत राहतो, कोडमध्ये मिसळत नाही. बऱ्याच खिडक्या, मेनू, टॅब असे असतील तर मी तेच घेतो, आणि पायथॉनमध्ये पायसाइड घेतो, कारण त्याचं लायसन्स एलजीपीएल आहे आणि पायक्यूटीचं जीपीएल (पायसाइड आणि पायक्यूटी म्हणजे पायथॉनमधून क्यूटी वापरायच्या दोन लायब्ररी; जीपीएलच्या अटी जास्त कडक). शॉपच्या आत वापरायला दोन्ही चालतील, पण उद्या शेजारच्या शॉपला विकायचं झालं तर फरक पडतो.

लायसन्सवरून आठवलं. तुम्हाला जुन्या व्हिडिओंमध्ये पायसिंपलजीयूआय ही लायब्ररी फार दिसेल. २०१८ मध्ये आलं, 'यादी द्या, खिडकी घ्या' हीच त्याची खुबी, आणि मी ते आनंदानं वापरलं. २०२४ मध्ये त्याचं लायसन्स बदललं, धंद्यासाठी पैसे लागू झाले. जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून लोकांनी फ्रीसिंपलजीयूआय चालू ठेवलंय, त्यावर चालतं. पण त्या वेळी चार गिऱ्हाइकांची कामं मला पुन्हा बांधायला लागली, तेव्हापासून एवढ्याशा फॉर्मसाठी मी भाषेबरोबर आयतं येतं तेच वापरतो. नव्वद ओळी माझ्या स्वतःच्या असल्या तर बिघडलं कुठं.

पायथॉनचीच सक्ती नसती तर मी तुम्हाला लाझारस सांगितलं असतं. फ्री पास्कल या भाषेवर चालणारं फॉर्म बनवायचं साधन, जुन्या डेल्फीच्या वळणाचं. बटणं ओढायची ती जुनी पद्धतच, पण त्यातल्या डेटाबेसला जोडलेल्या चौकटी भन्नाट आहेत. टेबल जोडा, तक्ता टाका, पुढं-मागं जायची पट्टी टाका. नोंद भरणं, बदलणं, खोडणं जवळजवळ एक ओळ न लिहिता होतं. आणि शेवटी हातात येते एकच एक्झी फाइल, पेनड्राइव्हवरून चालणारी. फक्त हिशेब बटणांच्या मागे लिहू नका, माझी अकरा बटणं आठवा.

डेटासाठी एसक्यूलाइट. एकच फाइल, वेगळा सर्व्हर नाही. ती फाइल शेअर केलेल्या फोल्डरवर ठेवून दोन मशीनवरून एकदम लिहायचा मोह होईल, तो टाळा. नेटवर्कवर फाइलीचं कुलूप भरवशाचं नसतं आणि डेटाबेस खराब होतो. मामांच्या केबिनमध्येही हवं असेल तर रोज संध्याकाळी तिची एक प्रत तिकडं पाठवा, त्यांना बघायचंच आहे. प्रोग्रॅम बंद होताना तारीख घातलेली प्रत पेनड्राइव्हवर टाकणाऱ्या ओळीही तेव्हाच लिहा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या माझ्या एका गिऱ्हाइकाचं मशीन टेबलाखालीच बुडालं. पेनड्राइव्ह मालकाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होता. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या मशीनवर वीस मिनिटांत काम सुरू झालं.

आणखी एक रकाना तुम्ही मागितला नाही, पण घाला. जीएसटीत जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवणाऱ्यानं विकलाच असं धरलं जातं. म्हणजे तुमच्याकडे कोपऱ्यात पडून राहिलेले चार नग फौंड्रीवाल्याला महागात पडतात, आणि मग तो तुमच्यावर चिडतो. तक्त्यात शिल्लक असलेल्या आणि अकरा महिने झालेल्या चलनांची ओळ लाल करा. टीकेइंटरच्या ट्रीव्ह्यूत (तक्ता दाखवणाऱ्या भागात) ओळीला टॅग लावून रंग देता येतो, दोन ओळींचं काम. मामांना तुमचा सगळा प्रोग्रॅम त्या लाल ओळींवरूनच कळणार आहे.

शेवटचं, काकूंच्या मशीनवर पोचवणं. पायथॉन स्क्रिप्टचा चालता प्रोग्रॅम बनवणारं पायइन्स्टॉलर वापरा, पण सगळं एका फाइलीत कोंबणारा पर्याय घेऊ नका. तो दर वेळी उघडताना सगळं तात्पुरत्या फोल्डरमध्ये सोडतो, सुरू व्हायला वेळ लागतो, आणि अँटिव्हायरस त्याच्यावर जास्त संशय घेतो. फोल्डरवाला पर्याय घ्या, त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी ऑफिसातल्या मशीनवर विंडोज कोणतं आहे ते बघून या, आणि ३२ बिट की ६४ तेही. उद्यमनगरात अजून विंडोज ७ भरपूर आहे. असेल तर पायथॉन ३.८.१० घ्या, ३.९ पासून पुढचं त्यावर बसतच नाही. क्यूटी ६ लाही विंडोज १० लागतं, तेव्हा तिथं टीकेइंटर किंवा लाझारस घ्या. बांधणीही ३२ बिट पायथॉनवर करा, ६४ बिटवर केलेली ३२ बिट मशीनवर उघडत नाही. मी एकदा शिरोलीला जाऊन नुसता चहा पिऊन परत आलोय.